चांदीची लव: साखळी (गोवा) इथल्या एका वर्षाच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

चांदीने लव सोडायला सुरुवात केली. ती आमची हस्की कुत्री, पाच वर्षांची. फेब्रुवारी अर्धा सरला की कानांमागे, मांड्यांवर, शेपटीच्या मुळाशी पांढरे पुंजके वर येतात. बोटांनी ओढले तरी तिला कळत नाही. आज अंगणात दीड तास विंचरलं. तुळशीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत लव उडत होती आणि आई केरसुणी घेऊन मागे मागे. दर वर्षी हे सगळं माडाच्या आळ्यात जातं. आज टाकायला म्हणून ओंजळ भरली आणि तशीच उभी राहिले. मिनिटभरात तळहात ऊनऊन झाले. वजन म्हणाल तर ओंजळीत काही आहे असं वाटतच नव्हतं.

बाबांचं बोलणं आठवलं. ते काल्याला पायपेटीवर बसतात. आमच्याकडे देवळातला काला म्हणजे रात्रभराचं दशावतारी नाटक. मंडप चहूबाजूंनी उघडा, वाळवंटी नदी हाकेच्या अंतरावर, पहाटे दंव पडतं. बाबा आता ७१ वर्षांचे. यंदा म्हणाले, "चार वाजले की बोटं माझी राहत नाहीत." बाजारातले हातमोजे आणून दिले होते, पण बोटं झाकली की पट्ट्या कळत नाहीत. शिवाय तो कृत्रिम धागा आधी घाम आणतो आणि मग त्याच घामाने हात गार पडतो.

तर काम ठरलं. चांदीची लव जपायची, कातायची आणि पुढच्या काल्यांच्या आत बाबांना बिनबोटांचे हातमोजे विणून द्यायचे. मला विणता येतं. कातता अजिबात येत नाही.

आजची लव: ६४ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

२४ फेब्रुवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबले. सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीची काच ठेवून चांदीचे केस मोजले. उघड्या डोळ्यांना एकच पांढरा पुंजका दिसतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात.

वरचा केस सरळ, ताठ, टोकाला निमुळता. मी मोजलेले ७० ते ९५ मायक्रॉन जाडीचे निघाले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांच्या मधोमध काळी रेघ दिसते. ती हवा धरून ठेवणारी मज्जा. या केसाचं काम छपराचं: पाऊस, ऊन, काटेकुटे वरच्यावर झेलायचे. खालची लव मात्र नागमोडी, निम्म्याहून कमी लांबीची. दहा धागे मोजले. सर्वांत बारीक १३ मायक्रॉन, सर्वांत जाड २२. ही नागमोड हवा अडकवून ठेवते, आणि ऊब देते ती ही अडकलेली हवाच.

कुत्र्याच्या कातडीत एकाच छिद्रातून एक वरचा केस आणि त्याच्याभोवती लवेचे कितीतरी धागे बाहेर येतात. शेळ्या-मेंढ्यांत मुळं वेगवेगळी असतात. वरच्या केसाच्या मुळाशी घामाची ग्रंथी असते आणि केस उभा करणारा छोटा स्नायू असतो. लवेच्या मुळाशी हे दोन्ही नसतात. म्हणजे अंगावर शहारे येतात तेव्हा उभे राहतात ते वरचे केस. लव आपली खाली निवांत.

समुद्री पाणमांजराचं उदाहरण मला फार आवडतं. थंड समुद्रात जन्म काढणारा प्राणी, पण देवमाशासारखा चरबीचा थर अंगात नाही. सगळी भिस्त लवेवर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखाच्या वर केस, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डोक्यावर असतात तेवढे नखाएवढ्या जागेत. पाण्यात बुडूनही कातडी कोरडी राहते. आपल्या चोडणच्या खारफुटीत जी पाणमांजरं दिसतात त्यांच्याही अंगाला हे दोन थर असतात, फक्त इतके दाट नाहीत.

माझ्या कामापुरती गोष्ट अशी की साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा धागा कातडीला टोचतो. वरचे केस वेचून काढले नाहीत तर बाबा ते मोजे पाच मिनिटं घालणार नाहीत.

३ मार्च, रविवार

आज ४८ ग्रॅम. दोन फण्या वापरते. एक रुंद दातांची, लांब दांडीची, ती मुळापर्यंत जाऊन सुटलेली लव वर आणते. दुसरी साधी, ती शेवटून फिरवायची. धार असलेलं काहीही वापरायचं नाही.

हे धारेचं लिहून ठेवते, कारण चांदी आमच्याकडे आली ती भादरलेली. पर्वरीला भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाची होती. गाव सोडून जाताना त्यांनी आम्हाला विचारलं. त्याआधी उन्हाळ्यात तिला त्रास होतो म्हणून एका दुकानात नेऊन यंत्राने सगळं अंग उतरवलं होतं. घरी आली तेव्हा पाठीवर दोन ठिकाणी कातडी गुलाबी, उन्हाने भाजलेली. लव परत आली, वरचे केस येईनात. डिचोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी मला तेव्हा समजावलं. थंड मुलखातल्या जातींचं अंग असं उतरवलं तर वरचे केस परत यायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, कधी कधी ठिगळासारखेच येतात. कुत्र्याला अंग गार करणारा घाम सुटतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग थंड होतं ते धापांनी. तेव्हा करायचं काय, तर सुटलेली लव विंचरून काढायची म्हणजे कातडीला वारा लागतो, आणि वरचं छप्पर तसंच ठेवायचं. दुपारी ओली फरशी, पंखा, सावली. फिरायला नेणं सूर्य उगवायच्या आत.

अशा कुत्र्याला गोव्यात आणूच नये असं माझं मत आहे. पण आलेल्या जिवाचं नीट करायला हवं. पाठीवरचं डावीकडचं ठिगळ भरायला एकोणीस महिने लागले.

१७ मार्च, रविवार

पहिली धुलाई फसली. रिठे उकळून फेस केला, पाणी चांगलं कढत घेतलं, लव टाकली आणि कपड्यासारखी चोळली. मग नळाच्या गार पाण्यात खळबळली. हातात आला एक घट्ट गोळा. बोटांनी सोडवता सोडवता तुटला, पण सुटला नाही.

लोकरीच्या धाग्यावर कौलांसारखे खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने तोंड केलेले. ऊन पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की धागे एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत. नमदा किंवा जेन होतं ते याच गुणावर. आपल्याकडे धनगरांचं जेन हे विणलेलं नसतंच, दाबून जमवलेलं असतं.

याच गुणापायी उत्तर अमेरिकेतले बीव्हर, म्हणजे तिथले नदीकाठचे केसाळ प्राणी, संपत आले होते. युरोपात सतराव्या शतकापासून दोनशे वर्षं ज्या टोप्या मिरवल्या गेल्या त्या बीव्हरच्या लवेच्या नमद्याच्या. वरचे केस फेकून द्यायचे, लव ठेवायची. धागे लवकर जमावेत म्हणून पुढे पारा घातलेलं नायट्रिक आम्ल लावू लागले. त्याच्या वाफेने टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हात कापायला लागायचे, बोलणं अडखळायचं, मन ठिकाणावर राहायचं नाही. अमेरिकेत टोप्यांसाठी पारा वापरणं बंद झालं ते १९४१ मध्ये. लवेच्या एका गुणासाठी आधी जनावर गेलं आणि मग कारागीर. हा गोळा हातात धरून मी हेच आठवत बसले होते.

पुढच्या वेळी: पाणी कोमट, धुवायचं आणि खळबळायचं पाणी एकाच ऊबेचं, लव जाळीच्या पिशवीत, चोळायचं नाही, नुसतं दाबायचं.

गेलेली लव: २२ ग्रॅम. गोळा फेकला नाही, डब्यात ठेवला.

३१ मार्च, रविवार

या पद्धतीने धुतलेली लव नीट निघाली. पण कुत्र्याचा वास पूर्ण गेला नव्हता आणि धागे अंगातल्या तेलाने चिकट होते. काश्मिरात पश्मिना कातण्याआधी बायका ती तांदळाच्या पिठात मुरवत ठेवतात. पीठ तेल ओढून घेतं आणि धागा मऊ होतो. तांदळाचं पीठ तर आपल्या घरचं. जाडे तांदूळ भिजवले, निथळले, पाट्यावर वाटले आणि ते दमट पीठ लवेत घोळवून टोपलीत झाकून ठेवलं. दोन दिवसांनी झटकलं. वास निम्म्याहून जास्त गेला. धागा बोटांत वेगळाच लागतो, सुळसुळीत पण निसटत नाही असा.

मुंग्या मात्र आल्या. टोपली पाण्याच्या परातीत ठेवायला हवी होती, लोणच्याच्या बरणीसारखी.

पश्मिना म्हणजे तरी दुसरं काय? लडाखच्या चांगथांग पठारावर, ४,००० मीटरच्या वर राहणाऱ्या शेळीची हीच आतली लव. थंडीत पारा शून्याखाली ३०-४० अंश उतरतो, तेव्हा ती वाढते आणि ऊन वाढलं की सुटते. चांगपा लोक ती फणीने काढतात. धागा १२ ते १६ मायक्रॉन. एका शेळीमागे वर्षाला जेमतेम पाव किलो कच्चा माल, त्यातून वरचे केस आणि कचरा निघाला की आणखी कमी. शाल महाग का, ते वेचायला बसलं की कळतं. मी काल दोन तासांत ९ ग्रॅम वेचले.

शहतूश हे नाव पश्मिन्याच्या जोडीने घेतलं जातं, ते मला खटकतं. तो धागा आणखी बारीक, १० मायक्रॉनच्या आसपास, पण तो चिरू या हरणासारख्या तिबेटी प्राण्याचा. चिरू रानातला, त्याला कोणी फणी लावू शकत नाही. एका शालीसाठी तीन ते पाच जनावरं मारावी लागतात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिरू आहे. दोन्ही धागे अंगठीतून जातात म्हणून त्यांना एका ओळीत बसवू नये.

१४ एप्रिल, रविवार

सावंतवाडीहून मावशी आली. पिशवीतून कागदात गुंडाळलेली टकळी काढली: पितळी चकती, लोखंडी काडी, वर बारीक आकडा. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची, शाळेतली. तेव्हा आपल्याकडे पोर्तुगीजांचं राज्य, इथल्या शाळेत टकळी कुठली? सावंतवाडीला मात्र सूतकताईचा तास असायचा. मावशीने सांगितलं की वर्गात सगळ्यांच्या टकळ्या एकदम थांबल्या की गुरुजी वर बघायचे, कारण टकळ्यांची कुरकुर बंद पडली की पोरं बोलतायत हे त्यांना ऐकूनच कळायचं.

"कुत्र्याचे केस कातणार?" असं तिने विचारलंच. मग चिमूट घेतली, अंगठ्याखाली फिरवली, ओढून धाग्याची लांबी पाहिली आणि म्हणाली, "कापसापेक्षा लांब आहे गं. येईल."

माझ्याकडून सकाळभर काही आलं नाही. दर वीतभर धागा तुटत होता. मावशीचा हात पाहत बसले तेव्हा चूक लक्षात आली. मी लव ओढत होते आणि मग पीळ द्यायला पाहत होते. ती आधी पीळ चढू द्यायची, मग डाव्या हातातला पेळू, म्हणजे लवेची सैल वळी, हळूच मागे न्यायची, आणि पीळ आपणहून लवेत शिरायचा. धागा हात काढत नाही, पीळ काढतो. आखूड धाग्याला पीळ जास्त लागतो, नाहीतर धागे एकमेकांवरून घसरून सुटतात. चांदीची लव चार-साडेचार सेंटिमीटरची आहे, त्यामुळे टकळी वाटीत टेकवूनच फिरवायची. अधांतरी सोडली तर तिच्या वजनानेच धागा तुटतो.

दुपारी जेवणानंतर आई भांडी आवरत होती, मावशी झोपाळ्यावर डुलकी घेत होती आणि माझ्या हातून पहिला न तुटलेला धागा निघाला. हातभर. मग दोन हात. आईला हाक मारली तर ओल्या हाताने आली आणि म्हणाली, "कितें गो, सूत?" मी म्हटलं, "चांदी." तिने हात पदराला पुसले आणि मग धाग्याला बोट लावलं.

मावशी टकळी ठेवून गेली.

५ मे, रविवार

लव सोडणं संपलं. एकूण २७१ ग्रॅम विंचरली. फसलेली धुलाई, वेचून काढलेले केस, माती, तेल वजा जाता स्वच्छ लव १८४ ग्रॅम.

एक प्रश्न मनात होता. गोव्यात थंडी ती काय, मग चांदीच्या अंगाला ऋतू कसा कळतो? लव वाढणं-सुटणं हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं. उजेड किती वेळ डोळ्यांत जातो त्यावरून मेंदूतली मेलाटोनिनची मात्रा बदलते आणि केसांची मुळं त्याप्रमाणे वागतात. हस्कीच्या मूळ मुलखात, सैबेरियात, हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला दिवस यांत आभाळ-जमिनीचं अंतर. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास आणि सर्वांत मोठा तेरा. एवढ्याशा फरकावर चांदी आपलं पंचांग चालवते, आणि घरातल्या ट्यूबलाइटीमुळे त्यातही घोळ होतो. म्हणून थोडी लव ती वर्षभर सोडत असते.

रात्री कातत बसले की मनात येतं, माझ्याआधी हे कोणी केलं असेल. केलं आहे, आणि खूप मोठ्या प्रमाणावर. कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅलिश लोकांनी खास लोकरीसाठी कुत्री पाळली होती. दाट लवेची, पांढरी. दुसऱ्या कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून छोट्या बेटांवर वेगळी ठेवत. त्यांची देखभाल बायका करत, मेंढ्यांसारखी लव कातरत, डोंगरी शेळीच्या लोकरीत मिसळून मानाची कांबळी विणत. परके वसाहतवाले आले, रोगराई आली, गिरणीची कांबळी आली आणि ती जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाली. त्यांतल्या मटन नावाच्या एका कुत्र्याचं कातडं तेवढं उरलं. तो १८५९ मध्ये मेला, कातडं स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २०२३ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ही जात हजारो वर्षं वेगळी राखली गेली होती हे त्यातून दिसलं. एवढ्या पिढ्या कोणीतरी बेटावर होडीने जाऊन कुत्र्यांना खायला घालत होतं. तिथल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी त्या अभ्यासात जनुकांच्या शेजारी नोंदवल्या आहेत, हे मला फार बरं वाटलं.

१९ मे, रविवार

नुसत्या लवेच्या धाग्याचा नमुना विणून पाहिला. मऊ इतका की गालाला लावून ठेवावा. पण ताणला की ताणलेलाच राहतो. चांदीच्या लवेत मेंढीच्या लोकरीसारखी परत जागेवर येणारी लवचिकता नाही. मनगटावर मोजा दोन दिवसांत सैल होईल.

म्हणून जावळ मिळवलं. बेळगावकडच्या एका धनगराकडून, ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती. जावळ म्हणजे कोकराची पहिली कात्रण. बाळाच्या पहिल्या केसांनाही आपण जावळच म्हणतो. एरवी दख्खनी मेंढीची लोकर राकट, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ती आणखी ताठ करतात, पाऊस थोपवायला ती तशीच हवी. पण जावळाची घोंगडी मऊ, जपून वापरायची.

गंमत अशी की मेंढीची लोकर हीसुद्धा मुळात आतली लवच. रानमेंढीला आजही वर राकट केस आणि खाली आखूड लव असते, वसंतात लव आपोआप गळते. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून वरचे केस कमी केले, लव वाढवली, आणि ती गळायची थांबली. आता कात्री लावली नाही तर मेंढीलाच ओझं होतं. चांदीच्या लवेत जावळ मिसळते आहे म्हणजे त्याच वस्तूची दोन वयं एकत्र पिंजते आहे.

प्रमाण: सत्तर भाग चांदी, तीस भाग जावळ. तारेच्या दातांच्या दोन ब्रशांवर पिंजून छोटे पेळू केले. ४२ झाले.

७ जुलै, रविवार

पिशवीचं वजन केलं आणि दचकले. स्वच्छ लवेतली न वापरलेली अर्धी, मेमध्ये नेमकी ९२ ग्रॅम मोजलेली, आज ९९ भरली. काटा तपासला, साखरेची पुडी ठेवून पाहिली. काटा बरोबर.

सात ग्रॅम पाऊस आहे हा. केराटिनचा धागा हवेतली ओल आत घेतो. लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी घेऊनही हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल आत घेताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. दंवातल्या रात्री सुती चादर गार पडते आणि लोकर पडत नाही त्यामागे हे आहे. बाबांच्या पहाटेच्या चार वाजताला हेच तर हवं होतं. थंडी काही लडाखची नाही आमच्याकडे, ओल आहे.

पण हीच ओल कसरीलाही बोलावते. टोपलीतल्या दोन पेळूंत बारीक भोकं, अळीने विणलेलं जाळं. ते पेळू जाळले. जळताना केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली गेली, धागा अस्सल असल्याची हीच परीक्षा. उरलेलं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं, मासळीच्या वरच्या कप्प्यात. आईची हरकत होती, पण बाबांसाठी म्हटल्यावर कप्पा मिळाला. आता पत्र्याच्या डब्यात, वर कडुलिंबाचा पाला. पाल्याने कसर मरत नाही, घट्ट झाकणाने येत नाही. पाला आईच्या समाधानासाठी.

११ ऑगस्ट, रविवार

रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटं. बाहेर धो धो. नोंदण्यासारखं काही नाही. तासाला साधारण वीस मीटर निघतात. १६५ मीटर झाले.

१ सप्टेंबर, रविवार

गणपतीची चवथ शनिवारी. घर झाडून घ्यायचंय, त्याआधी धाग्याचं काम उरकलं. एकेरी धागा २४८ मीटर झाला. दोन पदर एकत्र वळले. कातताना टकळी उजवीकडे फिरवली होती, आता डावीकडे. उलट्या पिळाने दोन्ही पदर एकमेकांना धरून बसतात आणि धागा शांत होतो, गुरगुटत नाही. ११९ मीटर दुपदरी, ६१ ग्रॅम. लडी कोमट पाण्यात बुडवून, खुंटीला टांगून, खाली छोटा तांब्या बांधून सुकवली. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीसाठी, आणलेली सुपारीची कातरं (घोस) शेजारीच टांगली होती. धाग्याचा रंग त्यांच्यापुढे दुधावरच्या सायीसारखा दिसत होता.

मावशीला फोनवर सांगितलं. तिने एकच विचारलं, "गाठी किती?" तेरा.

६ ऑक्टोबर, रविवार

विणकाम सुरू. चार सुयांवर गोल, ४० टाके, मनगटाशी दोन सुलट दोन उलट. बाबांना मापासाठी बोलावलं तर त्यांनी टेबलाच्या कडेवर पेटी वाजवत माप दिलं. बोलावणं बरं झालं, कारण हात नुसता पसरून घेतलेलं माप आणि वाजवताना तळहात फुगतो ते माप यात बोटभर फरक पडला. अंगठ्याची जागाही खाली घ्यावी लागली. सप्तकाच्या टोकाला जाताना अंगठा तळहाताखालून जातो, तिथे शिवण आली तर अडकेल.

अस्वलासारख्या थोराड कस्तुरी-बैलाची लव अशीच वसंतात विंचरून काढतात. अलास्कातल्या गावोगावच्या बायका १९६९ पासून सहकारी संस्था करून ती विणतात, प्रत्येक गावाची जाळी वेगळी. मीही मनगटाच्या वर एक ओळ वेगळी घातली आहे, पेटीच्या पट्ट्यांसारखी, दोन टाके पुढे, तीन मागे.

१७ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी त्रिपुरारी पौर्णिमा, विठ्ठलापूरला नदीवर गर्दी. बाबांनी तिथे पहिल्यांदा मोजे घातले. परत आल्यावर म्हणाले, "ऊब आहे. पण दंव पडल्यावर चांदी शेजारी बसल्यासारखा वास आला." पुन्हा रिठ्याच्या कोमट पाण्यात तीनदा बुडवले, शेवटच्या पाण्यात वाळ्याची जुडी. सावलीत सुकवले. आज सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून परीक्षा घेतली. वास आहे, नाकाजवळ नेला तर.

२९ डिसेंबर, रविवार

काल वाड्यावरच्या देवळात काला. मी रात्रभर पेटीच्या मागच्या बाजूला, आईच्या शालीत. आधी संकासुर, मग आख्यान. अडीचच्या सुमारास नदीवरून धुकं आलं आणि मंडपातले दिवे पिवळे पडले. चार वाजता मी बाबांच्या हातांकडे पाहत होते. द्रुत लयीची जागा आली, पखवाजवाल्याने वाढवली, बाबांनी सोडली नाही.

चहाच्या वेळी त्यांच्या बोटांना हात लावून पाहिला. टोकं गार होती, पेरं गरम. मोज्यांवर दंवाचे बारीक थेंब जसेच्या तसे उभे होते, आत उतरले नव्हते.

पखवाजवाल्या काकांनी विचारलं, "कुठे मिळाले?" बाबा म्हणाले, "घरचे." एवढंच.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सहा काले झाले. मोजे तपासायला घेतले. उजव्या मोज्याची मनगटाखालची बाजू, जी पेटीच्या पुढच्या लाकडी कडेवर टेकते, तिथे टाके दिसत नाहीत. घाम, ऊब आणि रात्रभराची घासण यांनी तिथे नमदा झाला आहे, रुपयाएवढा. डब्यातून मार्चमधला फसलेला गोळा काढून शेजारी ठेवला. पोत तोच. फक्त बाबांच्या मनगटाखालचा जास्त सपाट आणि जास्त घट्ट आहे.

डाव्या मोज्याला तसं काही नाही. बाबा म्हणतात डावा हात हलका ठेवायचा असतो.

ती जागा उसवायची नाही. त्यांना तिथेच मनगट टेकवायला बरं वाटतं. पुढच्या जोडीला त्या भागात जावळ चाळीस टक्के घालून पाहायचं, म्हणजे नमदा लवकर जमेल. पेळू डब्यात २९. कसर नाही.

चांदीने कानांमागे पहिला पुंजका सोडला. ३ ग्रॅम.